मदत हवी आहे: मिनीव्हॅनचं ट्रान्समिशन मॉड्यूल बदलायचं आहे

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरात एकच गाडी, २०११ ची ऑटोमॅटिक मिनीव्हॅन. तीन आठवड्यांपासून ती चालता चालता दुसऱ्या गिअरमध्ये अडकते. परवा टर्नपाइकवर असं झालं, तेव्हा आई-बाबा आणि दोन्ही मुलं मागे बसलेली. मागून ट्रक येतायत आणि गाडी ४० मैलांच्या वर जाईना. हात थरथरत होते माझे. बंद करून पुन्हा चालू केली की तासभर ठीक चालते.

स्कॅनरवर पी०७०० आणि यू०१०१ हे बिघाडाचे कोड येतात. पहिला नुसता ट्रान्समिशनकडे बोट दाखवतो. दुसरा म्हणजे टीसीएमशी, म्हणजे गिअर बदलणं सांभाळणाऱ्या ट्रान्समिशन मॉड्यूलशी, संपर्क तुटलाय. ऑइल ठीक आहे, बॅटरी नवी. मेकॅनिक म्हणतो, मॉड्यूलच बदला. पण हा कोड खराब वायरिंगमुळेही येतो, म्हणून आधी फ्यूज, अर्थिंग आणि कनेक्टरच्या पिना तपासाव्यात असं मला वाटतं. बरोबर आहे ना?

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा: भंगारातलं मॉड्यूल घेतलं तर त्यात आपल्या गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) घालता येतो का, की आधीच प्रोग्रॅम करून मिळणारं घ्यावं? बसवल्यावर गिअरबॉक्सचं रीलर्निंग (नव्या मॉड्यूलला गिअर बदलणं पुन्हा शिकवणं) घरच्या स्कॅनरने होतं, की डीलरकडेच जावं लागतं? पुढच्या शनिवारी आई-बाबांना जेएफके विमानतळावर सोडायचंय. त्याआधी गाडीवर भरवसा ठेवता यायला हवा.