लेथवर हातमोजे का नकोत?

प्रश्न: लेथवर (धातूचा तुकडा फिरवून कापायचं मशीन) नवीन आहे. चिपांनी (कापताना निघणाऱ्या धातूच्या धारदार तुकड्यांनी) बोटं चिरतात म्हणून हातमोजे घातले, तर सुपरवायझर ओरडले. का?

उत्तर: बरोबरच ओरडले. ड्रिल मशीनवर माझ्या तर्जनीचं पेर सुती मोज्यामुळेच गेलं. एक सुटा धागा ड्रिलला अडकला, मोजा पिळला गेला, बोट त्याच्यासोबत ओढलं गेलं. ६०० आरपीएम (मिनिटाला ६०० फेरे) म्हणजे सेकंदाला १० फेरे. हात मागे घ्यायचं सुचेपर्यंत सगळं झालेलं असतं. चिपेने कापलेलं भरून येतं हो, पेर परत येत नाही.

प्रश्न: मग चिपा कशा काढू?

उत्तर: मशीन पूर्ण थांबवून, हुकने किंवा ब्रशने. फिरता चक (कापायचा तुकडा पकडणारा भाग) हाताने दाबून थांबवू नका. बाह्या कोपरावर, अंगठी काढलेली. मोजे फक्त मशीन बंद असताना, जॉब (कापायचा तुकडा) उचलताना.

दुसरं उत्तर: फिरता जॉब घासताना पॉलिश पेपरही बोटाला गुंडाळून धरू नका.