वाक्य लाल आलं म्हणजे ते वाईट असतं का?

शब्दकात्री

गेले सहा महिने मी जे काही लिहितो ते पाठवण्याआधी एका छोट्या स्क्रिप्टमधून काढतो. घरगुती काम आहे, फार हुशार नाही. वाक्यात वीसच्या वर शब्द गेले की वाक्य लाल, पंधराच्या वर पिवळं, बाकी हिरवं. 'सदर', 'अनुषंगाने', 'च्या माध्यमातून', 'करण्यात येत आहे' असलं काही दिसलं की खाली रेघ. लाल फारच झालं तर तो परिच्छेद एआयला देतो आणि म्हणतो, सोपा करून दे.

एक नमुना देतो. माझ्याच हातून गेलेल्या पत्रातलं वाक्य:

"सदर प्रणालीच्या माध्यमातून प्राप्त झालेल्या तक्रारींच्या अनुषंगाने आवश्यक ती कार्यवाही संबंधित विभागाकडून करण्यात येत असून त्याबाबतची माहिती तक्रारदारास यथावकाश कळविण्यात येईल."

एकवीस शब्द, लालभडक. कात्री चालवल्यावर:

"तुमची तक्रार मिळाली. संबंधित विभाग त्यावर काम करत आहे. काय झालं ते तुम्हाला कळवू."

आता सांगा, यात काय गमावलं? माझं मत असं की चार लोकांना जाणारा मजकूर अशा चाळणीतून न काढता पाठवणं हा निव्वळ आळस आहे. विरोध जरूर करा, पण 'भाषेचा आत्मा' वगैरे नको.

उलटतपासणी

आत्मा राहू दे, अंकगणितच घेऊ. तुमच्या चाळणीचं कूळ जुनं आहे. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली इंग्रजीसाठी वाचनसुलभतेचं सूत्र मांडलं. त्यात दोनच गोष्टी मोजतात: वाक्यामागे शब्द किती आणि शब्दामागे उच्चाराचे तुकडे किती. १९७५ मध्ये किंकेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी हेच गणित शाळेच्या इयत्तांमध्ये बसवलं. इंग्रजीतली कित्येक साधनं आजही त्यावरच चालतात. आता वाक्यातले शब्द पत्त्यांसारखे पिसून पाहा. अर्थाचा पार चुथडा होतो, गुण मात्र तेवढेच राहतात!

मराठीला लावलंत तर आणखी मजा. सूत्र २०६.८३५ पासून सुरू होतं आणि शब्दामागच्या तुकड्यांच्या सरासरीला ८४.६ ने गुणून ते वजा करतं. सरासरी अडीच आली की वजा झाले २११.५. म्हणजे वाक्य कितीही छोटं असो, गुण शून्याखाली, बडबडगीतसुद्धा नापास. 'पावसाळ्यातल्यासारखं' नऊ अक्षरांचं आहे, पण शेंबड्या पोरालाही कळतं. 'व्यय' दोनच अक्षरांचा, तो किती जणांना पटकन कळतो?

शब्दकात्री

म्हणूनच मी अक्षरं मोजतच नाही, फक्त शब्द मोजतो.

उलटतपासणी

मग तर कठीणच. 'झाडाखालच्यांनाही' तुमच्या हिशेबात एक शब्द आणि 'झाडाखाली बसलेल्या लोकांनाही' तीन. जो सुटसुटीत लिहील त्याला दंड आणि जो प्रत्यय चिकटवत जाईल त्याला बक्षीस. शब्दयोगी अव्ययं जोडून लिहिणाऱ्या भाषेत शब्दांची संख्या हे माप मुळातच लेचंपेचं आहे.

प्रूफबाई

बावीस वर्षं मुद्रितं तपासते आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलते.

साधनाच्या बाजूने: रात्री अकरा वाजता तिनशेव्या पानावर माझा डोळा पानावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. 'आहे आहे' असं लागोपाठ दोनदा पडलेलं, एकच परिच्छेद दोन ठिकाणी चिकटलेला, एका पानावर 'पद्धत' आणि पुढच्यावर 'पध्दत', हे सगळं यंत्र न कंटाळता पकडतं. त्या कामासाठी मला ते हवंच आहे.

विरुद्ध बाजूने: इंग्रजी साधनांचा सल्ला जसाच्या तसा उचलून 'कर्मणी प्रयोग टाळा' असं सांगणाऱ्यांचा मला वैताग येतो. अहो, 'तिने पत्र लिहिलं' हाच कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. पत्राऐवजी चिठ्ठी घ्या, 'लिहिली' होईल. सकर्मक क्रियापदाचा साधा भूतकाळ आपण बहुधा असाच बोलतो. तो टाळायचा तर मराठी माणसाने काल केलेलं काही सांगायचंच नाही का? खरा त्रास 'पत्र लिहिण्यात आले' मध्ये आहे, कारण तिथे लिहिणारी गायब होते. शब्दकात्रींनी रेघ बरोबर जागी मारली आहे, एवढं श्रेय त्यांना.

पण तुमच्या सोप्या केलेल्या मजकुरातला एक शब्द गेला तो दिसला का? 'यथावकाश'. शब्द जड असेल, पण तो निदान कबूल करत होता की लगेच कळवणार नाही. तुमचं 'कळवू' वाचून माणूस उद्यापासून वाट बघत बसेल.

शब्दकात्री

हे मान्य. 'वेळ लागेल' असं लिहायला हवं होतं.

कोरीपाटी

इथे सगळे लिहिते लोक दिसतात, म्हणून माझ्यासारख्याचंही ऐका. दहावीनंतर मराठीत चार ओळी लिहिल्या नव्हत्या. कामासाठी लिहायची वेळ आली की हात थरथरायचे, मग कुठलं तरी जुनं पत्र घेऊन नावं बदलायचो आणि तीच 'सदर' आणि 'उपरोक्त'ची पंगत पुन्हा बसायची. आता मला म्हणायचं ते बोलतो तसं टाइप करतो, साधन त्याला वळण लावून देतं. तुम्हाला पोहता येतं म्हणून दुसऱ्याच्या कमरेचा भोपळा काढून घेऊ नका.

उलटतपासणी

भोपळा तुमच्या कमरेला राहू दे. पण लाल-पिवळा शिक्का सगळ्यांच्या लेखनावर मारायची भाषा शब्दकात्री करताहेत, ती खटकते. एआयकडून वळण लावून घेतलेले दहा मजकूर शेजारी ठेवा, कोणाचा कुठला ते ओळखता येणार नाही.

कोरीपाटी

जुनी पत्रं तरी कुठे ओळखता यायची?

नटबोल्ट

हा मात्र बरोबर हाणला. :)

माझा धंदा यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचा. नौदलाचा उल्लेख आला तो आमच्याच जातीच्या मजकुराचा आहे. ते इयत्तांचं सूत्र तांत्रिक पुस्तिकांसाठीच बसवलं होतं. तेव्हा मी साधनांच्या विरोधात नाही. पण गेल्या वर्षी एका कामात जे झालं ते सांगतो. आमचं मूळ वाक्य होतं:

"पंप बंद केल्याशिवाय झडप उघडू नये."

एआयला सांगितलं, पूर्ण प्रकरण सोपं कर, वाक्यं छोटी ठेव. परत आलं:

"पंप बंद करा. झडप उघडा."

दोन वाक्यं, पाच सोपे शब्द, वाचायला लोण्यासारखं. फक्त मनाई होती तिची आज्ञा झाली. झडप एरवी उघडायचीच नव्हती. पुस्तिका छापायला जायच्या आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं, तेही त्या पानावर चहा सांडला आणि ते पुन्हा काढावं लागलं म्हणून. आधी दोघांनी वाचून सही केली होती. मूळ वाक्य असतं तर ते अडखळले असते. हे इतकं गुळगुळीत होतं की कुणाचं बोट अडलंच नाही.

तेव्हापासून माझा नियम: साधनाने रेघ मारावी, वाक्याला हात लावू नये.

प्रूफबाई

'केल्याशिवाय... नये' ही जोडी तोडली की घात ठरलेलाच. 'शक्यतो', 'फक्त', 'च' हेही असेच गळतात. सोपं करताना आधी तेच सांडतं.

स्पष्ट भाषेसाठी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ २४४९५ चा पहिला भाग. त्याची चार तत्त्वं वाचकाभोवती फिरतात: वाचकाला हवं ते मिळावं, ते सहज सापडावं, समजावं आणि वापरता यावं. तुमच्या रंगांना यातलं तिसरं जेमतेम दिसतं.

शब्दकात्री

बरं. एआयकडून परस्पर लिहून घेणं मी थांबवतो, निदान सूचनांच्या बाबतीत. रंग मात्र ठेवणार. त्या लालभडक वाक्याकडे मी स्वतः कधीच परत गेलो नसतो.

नटबोल्ट, ते झडपेचं वाक्य शेवटी कसं छापलंत?

नटबोल्ट

"पंप चालू असताना झडप उघडू नका." पंप दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला फोनवर मूळ वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, तू शिकाऊ पोराला हे कसं सांगशील? त्याने असं सांगितलं.

शब्दकात्री

आत्ताच स्क्रिप्टमध्ये टाकून पाहिलं. हिरवं आलं!

नटबोल्ट

आता त्याआधीचं, एआयने दिलेलं, टाकून बघा.

शब्दकात्री

तेही हिरवं.