हिल्व्हरसममधील जुने घर: बोली किती लावावी आणि कोणत्या अटी सोडू नयेत?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. आम्ही पतिपत्नी दोघेही निवृत्त आहोत. मी शाळेत भूगोल शिकवत असे. मुलगी ३३ वर्षांची आणि जावई ३६ वर्षांचे असून सात वर्षांपासून नेदरलँड्समध्ये भाड्याच्या घरात राहतात. मुलीची नोकरी उट्रेख्तला, जावयांची ॲमस्टरडॅमला, आणि दोघांचीही नोकरी आता कायम झाली आहे. दोन्ही शहरांना थेट गाडी मिळते म्हणून त्यांनी हिल्व्हरसममध्ये घर पाहिले. १९३२ साली बांधलेल्या ओळीतले हे शेवटचे घर आहे, मागे बाग आहे आणि बागेत बीच जातीचे एक प्रचंड झाड आहे. मागितलेली किंमत ५,१५,००० यूरो आहे आणि नोंदणीचा खर्च खरेदीदाराकडे आहे.

विकणाऱ्याच्या दलालाने सांगितले आहे की बोली पुढच्या बुधवारी दुपारपर्यंत द्यावी, ५,४५,००० च्या खाली विचार होणार नाही, आणि कर्ज मंजूर होण्याची व इमारत तपासणीची अट घातली नाही तर बोली अधिक पसंत पडेल. मुलांनी ते घर एकूण पंचवीस मिनिटे पाहिले आहे. आम्ही १९९८ मध्ये येथील फ्लॅट घेतला तेव्हा विसार देण्याआधी वकिलांकडून सर्च रिपोर्ट घेतला होता आणि तीन वेळा जाऊन भिंतींची ओल पाहिली होती. त्यामुळे हा सारा वेग मला समजत नाही.

पाथर्डी फाट्याजवळचा आमचा प्लॉट, जो दोघांच्या नावावर आहे, तो विकून सुमारे २५ लाख रुपये मुलीला द्यावेत असे आम्ही ठरवले आहे. माझे प्रश्न तीन आहेत. अटींशिवाय बोली लावणे तिकडे खरोखरच रीतीचे आहे का? निम्मा देश समुद्रसपाटीच्या आसपास असताना इतक्या जुन्या घराचा पाया टिकलेला असेल यावर विश्वास ठेवावा का? आणि हे पैसे इथून नियमाने कसे पाठवावेत?

उत्तर (ॲमर्सफोर्टहून, मूळ पंचवटी)

काकू, नमस्कार. तुम्ही भूगोल शिकवला आहे, म्हणून जमिनीपासूनच सुरुवात करतो. नेदरलँड्समध्ये घर पाहताना मी आधी माती पाहतो आणि नंतर स्वयंपाकघर. हाउडा, वुर्डन आणि पश्चिमेकडील बराच भाग पीटवर, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ थरावर वसलेला आहे. तिथे जुनी घरे लाकडी खांबांवर किंवा नुसत्या मऊ जमिनीवर उभी आहेत. भूजल खाली गेले की खांबांची डोकी उघडी पडून कुजतात आणि घर एका बाजूला खचते. अशा पायाची दुरुस्ती फार महाग पडते. हिल्व्हरसम, बुसम, बिल्टहोवन, झाइस्ट ही गावे मात्र हिमनदीने रेटून वर आणलेल्या वाळूच्या उंचवट्याच्या परिसरात आहेत. आपल्याकडे काळ्या मातीवरच्या भिंतींना तडे जातात आणि मुरमावरचे घर स्थिर राहते, तसाच हा फरक आहे. म्हणून तुमच्या तीन काळज्यांपैकी पायाची काळजी इथे सर्वांत कमी करावी, मात्र शून्य करू नये.

ही गावे हिरवी का आहेत, याचे उत्तर रेल्वेत आहे. ॲमस्टरडॅमहून हिल्व्हरसममार्गे ॲमर्सफोर्टला जाणारा मार्ग १८७४ साली सुरू झाला आणि शहरातील सधन लोक झाडांमध्ये बंगले बांधून कामासाठी रोज गाडीने जाऊ लागले. पंचवटी एक्सप्रेसच्या पासधारकांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अंतर मात्र पुष्कळ कमी, ॲमस्टरडॅम साधारण अर्ध्या तासावर. मंगळवारी आणि गुरुवारी इथल्या गाड्यांना सर्वाधिक गर्दी असते, आणि शरदात रुळांवर पडलेल्या ओल्या पानांमुळे चाके घसरून गाड्या रखडतात. म्हणून जावयांनी मंगळवारी सकाळी त्या घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत एकदा प्रत्यक्ष प्रवास करावा.

आता बीचचे झाड. ते सुंदर आहे आणि राहावे असेच मलाही वाटते, पण घरासोबत झाडाची जबाबदारीही विकत घेतली जाते. स्वतःच्या बागेतले मोठे झाडसुद्धा इथे बऱ्याच ठिकाणी नगरपालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, इथे मात्र प्रत्येक नगरपालिकेचे नियम वेगळे असतात. तपोवनातील झाडांसाठी नाशिककर ज्या तळमळीने उभे राहिले ते मी इथून वाचले आहे, त्यामुळे झाड तोडण्याचा विचार तुमच्या घरात कोणी करणार नाही हे मी जाणतो. तरीही त्याची सावली छपरावर किती पडते हे पाहावे. जादा सौरवीज ग्रीडला देऊन तेवढीच वापरलेल्या विजेतून वजा करून घेण्याची सोय १ जानेवारी २०२७ पासून बंद होत आहे, आणि सावलीतल्या छपरावर पॅनेलचा हिशेब त्याहूनही कमी जमतो. दरवर्षी पन्हळी साफ कराव्या लागतील हेही धरून चालावे.

किमतीबद्दल मला सर्वांत जास्त आग्रहाने सांगायचे आहे. ३५ वर्षे पूर्ण न झालेल्या आणि पहिल्यांदाच ही सवलत वापरणाऱ्या खरेदीदाराला, त्याच घरात स्वतः राहायचे असेल तर, घर नावावर होताना लागणारा हस्तांतरण कर माफ असतो. पण घराची किंमत ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच. २०२५ साठी ती मर्यादा ५,२५,००० यूरो होती, आणि मर्यादा संपूर्ण घराच्या किमतीला लागते, एकेकाच्या हिश्शाला लागत नाही. २०२५ च्या मर्यादेने हिशेब केला आणि दोघांचा हिस्सा निम्मा निम्मा असेल, तर ५,२५,००० ला मुलीच्या हिश्शावर काहीच कर नाही आणि जावयांच्या हिश्शावर दोन टक्क्यांनी ५,२५० यूरो. किंमत मर्यादेच्या एक यूरो वर गेली की मुलीची माफी पूर्ण जाते. ५,४५,००० ला दोघांचा मिळून कर १०,९०० होतो.

दुसरी गोष्ट, बँक मूल्यांकनाच्या १०० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. केवळ ऊर्जाबचतीच्या कामांसाठी ते १०६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मूल्यांकन ५,२५,००० आले आणि बोली ५,४५,००० असली, तर वरचे २०,००० यूरो स्वतःच्या खात्यातून द्यावे लागतात. त्यात करातला फरक मिळवा: दलालाने सहज सांगितलेल्या त्या आकड्यासाठी मुलांना २५,६५० यूरो रोख जास्त लागतील. यूरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर तुमच्या प्लॉटचे सगळे पैसे एवढ्यातच संपतात, आणि नोटारिस (खरेदीखत करणारा इथला नोटरी), मूल्यांकन व कर्जसल्लागार यांचे शुल्क त्याखेरीज.

उत्तर (सनदी लेखापाल, कॉलेज रोड, नाशिक)

ताई, पैशांच्या प्रश्नापुरते लिहितो.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, आणि मुलीला भेट देणे हा त्यातील मान्य हेतू आहे. १ एप्रिल २०२५ पासून अशा कारणासाठी वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ कापून घ्यायचा कर, नाही. त्यावरील रकमेवर बँक २० टक्के कापते. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरताना तो वजा होतो किंवा परत मिळतो, पण तोवर तुमची रक्कम अडकून राहते. सारे २५ लाख एकाच खात्यातून गेले तर ३ लाख अडकतील. प्लॉट दोघांच्या नावावर आहे, तेव्हा विक्रीची रक्कम आपापल्या हिश्शाने आपापल्या खात्यात घेऊन प्रत्येकाने साडेबारा लाख पाठवले, तर प्रत्येकी ५०,००० च अडकतील.

प्लॉटच्या नफ्यावरील कराची रक्कम आधी बाजूला काढावी. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी निवासी व्यक्तीला १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्के, यांपैकी कमी येणारा कर भरता येतो. मुलीला आई-वडिलांकडून मिळालेल्या भेटीवर आपल्याकडे आयकर नाही. नेदरलँड्सचा भेटकर देणाऱ्याच्या रहिवासावर अवलंबून असतो. तुम्ही नाशिकचे रहिवासी आणि भारतीय नागरिक असल्यामुळे तो तुमच्या भेटीला लागू होत नाही.

तिकडची बँक आणि नोटारिस पैशांचा उगम विचारतील. खरेदीखताची प्रत, इंडेक्स टू, तुमच्या खात्याचे उतारे आणि रक्कम परत घ्यायची नाही असे स्पष्ट लिहिलेले भेटपत्र तयार ठेवावे, आणि मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर आताच करून घ्यावे. 'जमेल तेव्हा परत करा' असे तोंडी ठरले असेल, तर ते कर्ज होते आणि मुलांच्या कर्जपात्रतेतून वजा होते. या बाबतीत घरात आधीच स्वच्छ बोलणे व्हावे.

एक सूचना अनुभवाने करतो. प्लॉटचे साठेखत झाले म्हणजे पैसे आले, असे धरून मुलांना बोली लावू देऊ नका. खरेदीखताची नोंदणी होऊन रक्कम खात्यात जमा झाल्यावरच तो आकडा त्यांना कळवावा.

आणखी एक. पैसे देता आहात म्हणून घरावर तुमचे नाव लावण्याचा मोह टाळावा. तिथे स्वतः न राहणाऱ्याच्या हिश्शावर हस्तांतरण कर जास्त दराने लागतो (२०२५ मध्ये तो दोनऐवजी १०.४ टक्के होता), आणि इकडे दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवावी लागेल ती वेगळी.

उत्तर (बिल्टहोवनहून, माहेर नाशिकरोड)

काकू, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण ती चूक आमच्याकडून झाली आहे. होय, अटींशिवाय बोली लावणारे पुष्कळ आहेत. दोन घरे हातची गेल्यावर तिसऱ्या वेळी आम्हीही तपासणीची अट सोडली आणि घर मिळाले. राहायला गेल्यावर कळले की पाण्याची एक नळी अजून शिशाची आहे, जमिनीखालच्या पोकळीत ओल धरून लाकडी तुळया मऊ झाल्या आहेत, आणि मागच्या शेडचे छप्पर ॲस्बेस्टॉसचे आहे. करारात जुन्या घराविषयीचे कलम होते, त्यात वयोमानाने आलेले दोष खरेदीदाराने स्वीकारले असे लिहिलेले असते. सही करताना ते आम्ही वाचले होते, पण त्याचा अर्थ आमच्या मनात उतरला नव्हता. मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता आणि आम्ही शिशाच्या भीतीने बाटलीबंद पाणी आणून त्याचे दूध करत होतो. त्या महिन्यांची आठवण मला आजही नकोशी वाटते.

१९६० च्या आधीच्या घरात शिशाच्या नळ्या असू शकतात. ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९३ मध्ये आली, म्हणून त्याआधीच्या घरात त्याची शक्यता धरावीच लागते. १९३२ च्या घराला हे दोन्ही लागू आहे. तपासणीची अट दलालाला नको असेल, तर बोली लावण्याआधीच स्वतःच्या खर्चाने तपासनीस घेऊन जावे. बुधवारच्या आधी ते होऊ शकते. काही शे यूरो जातील आणि घर कदाचित मिळणारही नाही, तरी ते खर्च करावेत.

कर्जाची अट मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नका, हे मी हात जोडून सांगते. सही केलेल्या कराराची प्रत मिळाल्यावर खरेदीदाराला कायद्याने तीन दिवस विचारासाठी मिळतात, तेवढ्यात काही कारण न देता माघार घेता येते. तो काळ संपला आणि पुढे बँकेने कर्ज नाकारले किंवा कमी दिले, तर प्रचलित करारानुसार किमतीच्या दहा टक्के दंड भरावा लागतो. ५,४५,००० वर तो ५४,५०० यूरो होतो. तुम्ही प्लॉट विकून देत आहात त्याच्या दुपटीहून जास्त.

आणि तो दलाल विकणाऱ्याचा आहे. त्याचे बोलणे गोड असले तरी तो मुलांचा सल्लागार नाही. खरेदीदाराच्या बाजूने काम करणारा वेगळा दलाल मिळतो. आमच्या दुसऱ्या घराच्या वेळी आम्ही तो घेतला. त्याने पहिल्याच दिवशी कादास्टरकडून, म्हणजे इथल्या भूमिअभिलेख खात्याकडून, त्याच रस्त्यावरील अलीकडच्या खऱ्या विक्रीच्या किमती काढून आमच्यासमोर ठेवल्या.

प्रश्नकर्तीकडून

आपणा तिघांची मी मनापासून ऋणी आहे. शनिवारी मुलांना हे सर्व वाचून दाखवले. सोमवारी त्यांनी तपासनीस नेला. पायाला काही झालेले नाही, परंतु स्वयंपाकघराच्या खालच्या तुळयांत ओल आहे आणि शेडचे छप्पर ॲस्बेस्टॉसचे असावे असे त्याने लेखी दिले. मुलांनी ५,२५,००० ची बोली कर्जाच्या अटीसह दिली, आणि काल कळले की घर दुसऱ्या कोणाला गेले. मुलगी फोनवर रडली. त्या झाडाखाली पाळणा बांधायचा असे तिने मनात धरले होते, हे मला तेव्हाच समजले.

आता बिल्टहोवनमध्ये १९६८ चे एक घर आहे, मागणी ४,९५,०००. उट्रेख्त जवळच आहे, पण जावयांना गाडी बदलावी लागेल. या वेळी त्यांनी खरेदीदाराचा दलाल घेतला आहे आणि तपासनिसाची वेळ घर पाहण्याआधीच ठरवून ठेवली आहे. प्लॉटचे खरेदीखत परवा नोंदवले गेले; रक्कम आम्हा दोघांच्या खात्यात वेगवेगळी जमा झाली आहे आणि भेटपत्राचा मसुदा लेखापालांनी सांगितल्याप्रमाणे केला आहे.

जावई येत्या मंगळवारी सकाळी पावणेआठला त्या घराच्या दारापासून निघून ॲमस्टरडॅमपर्यंत जाऊन पाहणार आहेत.

उत्तर (बिल्टहोवनहून)

काकू, मंगळवारी संध्याकाळी जावयांना आमच्याकडे जेवायला पाठवा. घर कोणत्या रस्त्यावर आहे ते त्यांनी सांगितले, तर जेवणानंतर आम्ही दोघे त्यांच्यासोबत तिथवर चालत जाऊ, म्हणजे अंधार पडल्यावर तो रस्ता कसा असतो तेही त्यांना पाहता येईल.