विचित्र शरीराच्या प्रत्येक प्राण्यामागे उत्परिवर्तन असते का?

चौकस:
दोन डोक्यांचा साप, जादा पायांचा बेडूक, सहा-सात बोटांची मांजर आणि जवळजवळ काळा दिसणारा वाघ यांची छायाचित्रे नेहमी एकाच मथळ्याखाली फिरतात आणि खाली 'म्युटेशन' (उत्परिवर्तन) एवढेच लिहिलेले असते. या सर्वांच्या जनुकांत खरोखर बदल झालेला असतो का?

सूक्ष्मदर्शी:
पहिली दोन उदाहरणे वेगळी काढावी लागतील. दोन डोक्यांचा साप म्हणजे बहुधा एकाच गर्भापासून होऊ घातलेली, पण पूर्ण विलग न झालेली जुळी होत. बेडकांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात शाळकरी मुलांना विकृत पायांचे बेडूक मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा कीटकनाशकांपासून अतिनील किरणांपर्यंत अनेकांवर संशय घेतला गेला. पुढे प्रयोगांतून असे दिसले की, रिबेरोइया हा परजीवी चपटकृमी गोगलगायीतून पाण्यात येतो, बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या शरीरात नेमका पाय फुटण्याच्या जागी शिरतो आणि तेथील पेशींची वाढ विस्कटल्याने जादा पाय उगवतात. विकृतीची कारणे इतरही आहेत; परंतु या बेडकाचे जनुक मात्र शाबूत असतात.

मांजराच्या जादा बोटांमागे बहुधा खरे उत्परिवर्तन असते, आणि तेही मोठे मासलेवाईक. गर्भातील पायाच्या अंकुरात 'सॉनिक हेजहॉग' हे प्रथिन एरवी फक्त करंगळीच्या बाजूला तयार होते. ते कोठे तयार व्हावे हे ठरवणारा डीएनएचा नियंत्रक भाग मूळ जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे (डीएनएच्या साखळीतील रासायनिक घटक) दूर असतो. तेथे एकच अक्षर बदलले तरी प्रथिन अंगठ्याच्या बाजूलाही तयार होऊ लागते आणि तिकडे जादा बोटे फुटतात. हा बदल प्रभावी असल्याने माता-पित्यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो.

रानवाटा:
काळ्या वाघाबद्दल थोडी भर घालतो. ओडिशातील सिमलिपालच्या या वाघांत पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात. त्यामागे 'टॅकपेप' जनुकातील अप्रभावी (म्हणजे माता-पित्यांपैकी दोघांकडूनही आला तरच दिसणारा) बदल असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. लहान, एकाकी समूहात आपसांतच प्रजनन होत राहिल्याने असा दुर्मीळ बदल तेथे पुष्कळांत दिसू लागतो. म्हणजे हा रंग समूह एकाकी पडल्याची खूण आहे; त्यामुळे हे वाघ पाहून हरखून जाणे मला तरी पटत नाही.

चौकस:
आभारी आहे. मग केवळ छायाचित्रावरून फरक ओळखता येईल का?

सूक्ष्मदर्शी:
खात्रीने नाही. तेच लक्षण संततीत ठरावीक प्रमाणात उतरते का, हे पाहावे किंवा डीएनए तपासावा. लक्षण आनुवंशिक ठरले म्हणजे ते निरुपद्रवी असते, असेही नाही. स्कॉटिश फोल्ड मांजराचे दुमडलेले कान ज्या उत्परिवर्तनामुळे लोकांना गोड वाटतात, तेच त्याच्या सर्व कूर्चांवर (कान, सांधे इत्यादींतील लवचीक ऊतींवर) परिणाम करून पायांचे आणि शेपटीचे सांधे वेदनादायक रीतीने आखडवते. म्हणूनच या जातीच्या पैदाशीला अनेक ठिकाणी विरोध होतो आणि माझ्या मते तो योग्यच आहे.