मदत हवी आहे: मुंबई मॅरेथॉन चार तासांच्या आत

जानेवारीतली फुल मॅरेथॉन चार तासांच्या आत संपवायचीच आहे, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे ४० सेकंदांचा पेस (वेग). हाफ मॅरेथॉन (२१ किमी) १ तास ५२ मिनिटांत होते. आठवड्यात चार दिवस पळते: टेम्पो (सलग वेगात), इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू, आलटून पालटून), एक हलका रन आणि रविवारी लाँग रन, ३२ किमीपर्यंत. नोकरीमुळे पाचवा दिवस शक्य नाही.

अडचण ३० किमीनंतर. पोटऱ्या दगडासारख्या आखडतात, पेस किलोमीटरला साडेसहा मिनिटांवर जातो, आणि नेमका तेव्हाच परतीचा पेडर रोडचा चढ येतो. एनर्जी जेल, इलेक्ट्रोलाइट (क्षारांचं पाणी) वेळेवर घेते, दुखापत नाही. ठाण्यात राहते, येऊरचा डोंगर जवळच आहे. दोन्ही एका रविवारी झेपत नाही, तर लाँग रनचे शेवटचे आठ-दहा किमी रेसच्या पेसने सपाटीवर पळू, की येऊरच्या चढावर?