सागवानावर बेल्ट सँडरने करपल्याचे डाग पडतात, उपाय काय?

प्रश्न (शिरपूर):
नमस्कार. धाब्याचे जुने घर उतरवताना निघालेल्या सागवानी फळ्यांमधून झोपाळ्याचा पाट तयार करीत आहे. हातातल्या बेल्ट सँडरला (खरखरीत पट्टा फिरवून लाकूड घासणारे यंत्र) १२० नंबरचा नवा पट्टा लावला आहे. फळीच्या मध्यभागी काम स्वच्छ होते. परंतु टोकांच्या आडव्या छेदावर आणि यंत्र जिथे मागे फिरवतो तिथे तपकिरी, काळपट डाग उमटतात. जोर वाढवला की ते अधिकच गडद होतात. वेग कमी करावा की पट्टा बदलावा?

उत्तर (चोपडा):
भाऊ, आधी जोर देणे थांबवा. यंत्राचे स्वतःचे वजन पुरेसे असते. वरून दाबल्यास पट्ट्यावरचे दाणे लाकूड कापण्याऐवजी नुसते घासतात आणि त्या घर्षणाची उष्णता लाकडातच मुरते. सागवान मुळात तेलकट असल्यामुळे त्याचा भुसा दाण्यांमधल्या जागेत चिकटून बसतो आणि पट्टा नवा असूनही बोथट असल्यासारखा चालतो. यंत्र बंद करून पट्टा उजेडाकडे तिरका धरून पाहा. चकाकणाऱ्या तपकिरी रेषा दिसल्या, तर पट्टे साफ करण्यासाठी मिळणारी कच्च्या रबराची कांडी चालू पट्ट्यावर हलकेच टेकवावी. फळीवर लांबच लांब एकसारखी बारीक रेघ उमटत असेल, तर दोष बहुधा पट्ट्यावरच्या अशाच एखाद्या भरलेल्या जागेत असतो.

उत्तर (धुळे):
वरील मताशी सहमत आहे, मात्र माझ्या मते खरी अडचण १२० नंबरने सुरुवात करण्यात आहे. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक, आणि बारीक दाण्याचा पट्टा लवकर भरतो आणि लवकर तापतो. पाट ओबडधोबड असेल तर ६० नंबरने, रंधा मारलेला असेल तर ८० नंबरने सुरुवात करावी आणि १२० केवळ शेवटच्या हातासाठी राखावा. यंत्र फळीवर टेकण्यापूर्वीच चालू करावे, सतत सरकते ठेवावे आणि फिरवण्याच्या जागी क्षणभरही थांबू नये. टोकाचा आडवा छेद मात्र लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हातानेच घासावा. तिथे यंत्राची घाई परवडत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पट्ट्यावर चकाकणाऱ्या रेषा खरोखरच दिसल्या. माझ्या यंत्राचा वेग एकच आहे, तो बदलता येत नाही. आधी पडलेले डाग कसे काढावेत?

उत्तर (यावल):
वेग बदलता येत नसला तरी बिघडत नाही, कारण भरलेला पट्टा कमी वेगावरही करपवतोच. डाग काढण्यासाठी ८० नंबरवर परत या, पण केवळ डागाच्या जागी घासू नका. तिथे खळगा पडतो आणि पॉलिशनंतर तो उठून दिसतो. आजूबाजूचा मोठा भाग एकसारखा उतरवा. लाकूड जुने असल्याने त्यावरचा तेलाचा वा रंगाचा थर आधी खरवडून काढावा, कारण तो उष्णतेने मऊ होऊन पट्ट्याला चिकटतो. फळीवरून लोहचुंबकही अवश्य फिरवा. मोडलेला खिळा आत राहिला असेल तर पट्टा फाटतो आणि ठिणगी भुशाच्या पिशवीत जाऊन आग धुमसण्याची शक्यता असते. काम संपल्यावर ती पिशवी घराबाहेर रिकामी करावी.