बिली हॉलिडेची 1935 ची ती तीन मिनिटं: जादू गळ्याची की ताफ्याची?

लयवेडा: 2 जुलै 1935 ला न्यूयॉर्कमध्ये पियानोवादक टेडी विल्सनच्या ताफ्यासोबत जॅझ गायिका बिली हॉलिडेने गायलेलं 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' अजून शिळं झालेलं नाही, ते तिच्या लयीमुळे. वय वीस, आवाजाचा पल्ला छोटा. पायाने ठेका धरून ऐका. ठोका आधी पडतो, शब्द मागून येतो. ती ओळ उशिरा उचलते, मधले शब्द बोलल्यासारखे एकदोन सुरांवरच ठेवते आणि ओळ संपताना ठेक्याला गाठते. ख्याल ऐकणाऱ्याला इथे अतीताची, म्हणजे सम उलटून गेल्यावर येण्याची, आठवण व्हावी.

क्लॅरिनेट: मला हे पटत नाही. एवढ्या रेकॉर्डमध्ये ती एकच फेरी, म्हणजे गाण्याची पूर्ण चाल एकदाच, गाते. बाकी सगळं बेनी गुडमनची क्लॅरिनेट, बेन वेबस्टरचा टेनर सॅक्सोफोन, विल्सनचा पियानो, रॉय एल्ड्रिजचा ट्रंपेट. जॉन कर्बीचा बास आणि कोझी कोलचे ड्रम तसूभर हलत नाहीत, म्हणून तिला मागे राहणं परवडतं. भिंतच डळमळली तर टेकणार कशाला?

लयवेडा: भिंत पक्की आहे, मान्य. पण 1936 मध्ये विल्सनच्याच ताफ्यासोबत दुसरी जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड 'माय मेलँकली बेबी' गायली. सुरेल, स्वच्छ, पण शब्द बहुतेक ठोक्याला धरून. दोन्ही लागोपाठ ऐका, फरक गळ्याचाच आहे. बिलीची नक्कल करणारे इथेच फसतात. ते प्रत्येक शब्द सारखाच उशिरा टाकतात, मग गाणं रेंगाळतं. ती उशीर करते आणि फेडतेही.

लाखेची तबकडी: दोघांनीही कुठली प्रत ऐकली ते आधी सांगा. खरखर काढण्याच्या नादात वरच्या कंपनसंख्या छाटल्या की 'स', 'ट' पुसट होतात. मग शब्द नेमका कधी पडला तेच कळत नाही, आणि हा वाद तर त्याच क्षणाचा आहे! मूळ 78 ची (मिनिटाला 78 फेरे घेणारी, लाखेची) तबकडी लावत असाल तर सुई 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवी. एलपीची 1 मिलची सुई खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते. आरआयएए वक्र, म्हणजे तबकडी वाजवताना वरचे सूर दाबून खालचे उचलण्याचं ठरलेलं प्रमाण, पन्नाशीच्या दशकात आला. त्यातून ही तबकडी वाजवली तर झांजा मेल्यासारख्या वाटतात. आणि स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.

क्लॅरिनेट: प्रतीचा मुद्दा रास्त आहे. चांगल्या प्रतीत कर्बीचा बासही स्पष्ट ऐकू येतो, त्यामुळे माझं मत उलट पक्कंच होतं. ही रेकॉर्डिंग्ज ज्यूकबॉक्ससाठी (नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रासाठी) होत, फारसं लिहून न ठेवता. तरी गाताना कोणी तिच्या वाटेत येत नाही. विल्सन तिच्या दोन ओळींमधल्या फटीत चार सूर टाकतो आणि हात उचलतो. ती फट मोकळी ठेवली नसती, तर तिचा उशीर चूक वाटला असता.

लयवेडा: फट विल्सनने ठेवली, बरोबर. पण ती कुठे संपवायची हे बिलीच ठरवते. तिची पहिली ओळ पुन्हा लावा आणि फक्त शेवटचा शब्द ठोक्याशी ताडून बघा.